घरच्यांना चूक काढता यावी असा निबंध

“माझा जन्म गडचिरोली जिल्ह्यातील एका अतिदुर्गम भागात, अत्यंत गरीब व मागास आदिवासी कुटुंबात झाला.”

धानोरा तालुक्यातल्या एका गावात, घराच्या ओसरीवर बसून एक मुलगी मला आपला निबंध वाचून दाखवत होती. वय एकवीस, नुकतीच बी.ए. झालेली. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज करायचा होता आणि अर्जासोबत स्वतःविषयी काही शब्दांत लिहून मागितलं होतं. मूळ मजकूर इंग्रजीत होता. मी तिला एकेक वाक्य मराठीत करून सांगायला लावलं, कारण तिचे बाबा शेजारीच बांबू तासत बसले होते आणि त्यांच्यादेखत त्यांच्याच घराविषयी इंग्रजीत वाचणं मला बरं वाटेना. पहिलंच वाक्य ऐकून त्यांचा हात थांबला.

“गरीब कोन?” त्यांनी विचारलं.

“आपन,” ती म्हणाली.

“काऊन?”

तिला उत्तर सुचलं नाही. मग ते वाक्य जणू मीच लिहिलं असावं अशा सुरात त्यांनी माझ्यापुढे हिशेब मांडला. पाच एकर धान. वर्षाला पुरतं, एखाद्या वर्षी उरतंही. आज्याच्या वेळेपासून घरची मानलेली मोहाची अकरा झाडं. बैलजोडी. दोन लेकरं शिकली. कोणाचं देणं नाही. “गुरुजी, आमाले गरीब कोन म्हनते?”

मुलगी खाली मान घालून म्हणाली, “बाबा, फारमात असंच लिहा लागते.”

गेली आठनऊ वर्षं मी गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या मुलांचे असे निबंध वाचतो आहे. आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर हे काम आपोआप गळ्यात पडलं, आणि आता ते सोडवत नाही. शंभरावर मुलं येऊन गेली असतील. त्यांतल्या किमान निम्म्यांच्या निबंधाची सुरुवात या मुलीसारखीच होती. ‘असंच लिहा लागते’ ही समजूत कुठून आली, ती मोडता येते का, आणि ती मोडण्यात घरच्या माणसांचा वाटा काय, एवढ्याचाच विचार मी या लेखात करणार आहे.

आधी या प्रकाराची थोडी ओळख करून देतो. आपल्याकडे प्रवेश म्हणजे टक्के, गुणवत्ता यादी, जात प्रमाणपत्र आणि रांग. अर्जात ‘तुम्ही कोण आहात ते लिहा’ असा प्रश्न कधी नसे. गेल्या पंधरावीस वर्षांत तो येऊ लागला. अशोका विद्यापीठाच्या यंग इंडिया फेलोशिपसाठी निबंध लागतात. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला नेतृत्व, माणसं जोडण्याची क्षमता, तिथं काय शिकणार आणि पुढं काय करणार अशा चार विषयांवर लिहावं लागतं. परदेशातल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठाला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हवं असतं. मुलं त्याला सुटसुटीत ‘एसओपी’ म्हणतात. मी ‘प्रवेशनिबंध’ म्हणतो. विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना या वाटेची ओळख करून देण्याचं मोठं काम राजू केंद्रे यांच्या ‘एकलव्य’ने केलं आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले केंद्रे स्वतः २०२१मध्ये चिव्हनिंग मिळवून लंडनला गेले. त्यामुळे आता एटापल्लीच्या, सिरोंच्याच्या मुलालाही हे अर्ज ठाऊक असतात. अर्ज ठाऊक आहे. लिहायचं काय, हे मात्र ठाऊक नाही.

याचं एक कारण आमच्याच धंद्यात आहे, हे मराठीचा मास्तर म्हणून मला कबूल केलं पाहिजे. मराठी शाळेत मूल दहा वर्षं निबंध लिहितं. ते फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहितं, नदीचं मनोगत लिहितं, पडक्या किल्ल्याचं लिहितं. ‘मी पंतप्रधान झालो तर’ लिहितं. छत्रीच्या तोंडून ‘मी’ म्हणायला आम्ही त्याला शिकवतो. त्याच्या स्वतःच्या तोंडचा ‘मी’ आम्हाला एका गुणालाही नको असतो. ‘माझी आई’ या विषयावरही वर्गातल्या साठ मुलांची आई एकच असते: पहाटे उठते, देवपूजा करते, सर्वांना डबा देते. साठांतल्या चाळीस जणांच्या आया त्या वेळी मोह वेचायला रानात गेलेल्या असतात, हे आम्ही तपासताना कधी पाहिलं नाही.

दुसरा लेखनप्रकार मुलाला येतो तो अर्ज. ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी अत्यंत गरीब परिस्थितीतील विद्यार्थी असून...’ वसतिगृहासाठी, बसच्या पाससाठी, शिष्यवृत्तीसाठी, तलाठ्याकडे, प्रकल्प कार्यालयाकडे. आदिवासी आणि दलित घरातलं मूल दहावीपर्यंत असे पंधरावीस अर्ज लिहून मोकळं होतं, आणि त्याला अनुभवानं कळतं की ‘गरीब’, ‘मागास’, ‘दुर्गम’ हे शब्द घातल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. त्यात त्याचा दोष नाही. हे शब्द त्याने शासनाकडूनच घेतलेले आहेत. आमचा जिल्हा १९८२मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला तेव्हापासून सरकारी कागदावर ‘आदिवासीबहुल, नक्षलग्रस्त, अतिदुर्गम’ ही तीन विशेषणं वगळून त्याचं नाव क्वचितच आलं असेल. तेव्हा प्रवेशनिबंध समोर आला की मुलगा जवळच्या दोन हत्यारांपैकी एक उचलतो. पहिला परिच्छेद अर्जाचा, शेवटचा निबंधाचा: सुरुवातीला गरिबी, अखेरीस देशाची प्रगती. मध्ये तो स्वतः कुठे नसतो.

हा प्रकार जिथून आला तिथला इतिहासही फार पवित्र नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांनी १९२०च्या दशकात केवळ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देणं सोडून ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहायला सुरुवात केली, तेव्हा त्यामागे गुणांवर पुढे येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या कमी करण्याचा हेतू होता. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात तो कागदपत्रांनिशी दाखवला आहे. म्हणजे ‘तुझ्याविषयी सांग’ हा प्रश्न तिथं काहींना बाहेर ठेवण्यासाठी विचारला गेला. पुढे शंभर वर्षांनी, २९ जून २०२३ रोजी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश पाहणं अवैध ठरवलं. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे उमेदवाराने निबंधात लिहिलं तर ते वाचायला हरकत नाही, असंही निकालपत्रात म्हटलं. ज्या दाराने काहींना अडवलं होतं, तेच दार आता इतरांसाठी किलकिलं राहिलं. मुलांना मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की, या निबंधाला देवघरातल्या वस्तूसारखं हाताळण्याचं कारण नाही.

आणि हा प्रकार मराठी माणसाला अगदी नवा आहे असंही नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी ती चौदा वर्षांची विद्यार्थिनी. विषय होता मांग-महारांचं दुःख. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल तिने त्यात लिहिले. ही माहिती तिला शाळेच्या पुस्तकातून मिळाली नव्हती. ती घरातून, आईआजीच्या बोलण्यातून आली असली पाहिजे. अक्षरं शाळेने दिली आणि मजकूर घराने.

दुसरं उदाहरण प्रत्यक्ष प्रवेश अर्जाचंच आहे. ‘आनंदी गोपाळ’मुळे ही हकीकत सर्वांना माहीत आहे, पण या बाजूने ती क्वचित पाहिली जाते. १८७८च्या सुमारास गोपाळराव जोश्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं आणि सोबत धर्मांतराचा सल्ला दिला. काम झालं नाही. पत्र वाया मात्र गेलं नाही. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे खोळंबल्या असताना वाचलं आणि पुढचा सारा योग जुळून आला. आता त्याच्याशेजारी आनंदीबाईंनी जून १८८३मध्ये, अमेरिकेत पोचल्यावर, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेलं पत्र ठेवा. वय अठरा. त्यात दीनवाणेपणाचा लवलेश नाही. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तो निर्धारच माझ्या उपयोगी पडेल आणि माझ्या देशातल्या ज्या बायका पुरुष डॉक्टरपुढे जाणार नाहीत त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे, असा त्याचा आशय. त्याआधी चार महिने, २४ फेब्रुवारीला, श्रीरामपूरच्या सभागृहात ‘अमेरिकेला का जातेस’ या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी जाहीर उत्तरं दिली होती. पत्रातली वाक्यं तिथं तासून निघाली असावीत असं मला वाटतं. गोपाळरावांच्या स्वभावाविषयी काय बोलायचं ते आपण सगळे बोलतोच. तरी हेही खरं की घरच्या माणसाने लिहिलेलं पत्र अडलं आणि तिचं स्वतःचं चाललं. आणि घरच्या माणसाने ढकललं नसतं तर तिचं पत्र लिहिलंच गेलं नसतं.

तर मग घरच्यांनी नक्की काय करावं?

काय करू नये ते आधी सांगतो, कारण ते मी चंद्रपूरकडच्या सुशिक्षित घरांत जास्त पाहतो. वडील वीज केंद्रात नाहीतर कोळसा खाणीत अधिकारी, आई शिक्षिका, मुलगा हुशार. निबंध वडील लिहितात. मग मामा, जो पुण्यात असतो, तो त्यातली इंग्रजी सुधारतो. हल्ली मामाची जागा मोबाइलमधल्या एआयने घेतली आहे. निबंध गुळगुळीत होतो आणि त्यातल्या मुलाला ‘लहानपणापासूनच’ समाजसेवेची, नेतृत्वाची आणि संशोधनाची आवड असते. अशा एका घरात मी मुलाच्या आजीला तो निबंध मराठीत वाचून दाखवला आणि विचारलं, “यात काही चुकलंय का?” आजी म्हणाली, “नाही हो, छानच लिहिलंय.” तेव्हा मला उमगलं की दोष नेमका इथंच आहे. आजीला यात चूक काढता येत नाही, कारण यात असं काहीच नाही जे आजीला ठाऊक आहे. तेव्हापासून ती माझी कसोटी झाली: घरच्या माणसाला ज्यात चूक काढता येत नाही, तो निबंध घरी परत न्यायचा. ‘मी अत्यंत मेहनती आहे’ यात कोण चूक काढणार? ‘नववीत असताना मी तेंदूपत्त्याच्या फळीवर हिशेब लिहीत होते’ म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं, “नववीत नाई, आठवीत.”

धानोऱ्याच्या मुलीचं असंच झालं. गरिबीचं वाक्य बाबांनी खोडल्यावर तिच्याकडे उरलं फारच थोडं. शाळेत वर्गप्रतिनिधी होते, एनएसएसच्या शिबिराला गेले होते, वाचनाची आवड आहे. मी कागद बाजूला ठेवायला सांगितला. आमच्या भागात यासाठी एक चांगली वहिवाट आहे. त्यांच्या गावापासून फार दूर नसलेल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली अठराशेवर हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, हे सर्वांना माहीत आहे. त्यामागे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षं चालवलेला ‘अभ्यासगट’ होता, हे तुलनेने कमी लोकांना माहीत असतं. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने; पण त्याआधी नुसतं बसून बोलायचं, माहिती गोळा करायची, ठराव करायचा नाही. मी घराघरांत तेवढंच करतो. निबंधाचा विषय काढत नाही. घरातली सगळी बसली की एकच विचारतो: “ही लहानपणी कोणत्या गोष्टीवरून कोणाशी भांडली?”

हा प्रश्न मी फार चाचपडून शोधला आहे. ‘तिचे गुण सांगा’ म्हटलं की घरचे लाजतात किंवा शाळेतलं बोलू लागतात. ‘तिने काय सोसलं’ म्हटलं की पुन्हा अर्ज सुरू होतो. भांडणाचं मात्र प्रत्येकाला आठवतं, आणि भांडणात माणसाला काय महत्त्वाचं वाटतं ते असतंच.

बाबा हसले. गोंडीत काहीतरी बोलले, आई हसली, मुलगी ओरडली, “ते नोका सांगू!” मग सांगितलंच. ग्रामसभेने तेंदूपत्त्याचं काम स्वतः करायला घेतलं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे मे महिन्यात सारं गाव पानं तोडतं. पहाटे रानात, दुपारी घरी पानं जुळवून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. सत्तर पानांचा एक पुडा. किती शेकडा पुडे झाले त्यावर मजुरी. पूर्वी व्यापाऱ्याचा मुन्शी ते लिहून घेई, आणि त्याच्या वहीविषयी गावाला काय वाटत असे ते सांगायला नको. ग्रामसभेने हिशेबाची वही या मुलीच्या हाती दिली, कारण सुटीत घरी आलेल्या मुलांत तिचं अक्षर बरं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने एका घरचे पुडे सोडून पानं मोजली. कुठे एकसष्ट, कुठे अठ्ठावन्न. तिने तसंच लिहिलं आणि ते पुडे मोजणीत धरले नाहीत. ते घर तिच्या सख्ख्या आत्याचं होतं.

आत्या पावसाळाभर तिच्याशी बोलली नाही.

“हे तू लिहिलं का नाहीस?” मी विचारलं. “सर, यात काय लिहायचं? हे तर घरचं आहे.” ज्या विद्यापीठाला सार्वजनिक धोरण शिकवायचं आहे त्याला सांगण्यासारखी दुसरी गोष्ट तिच्याकडे नव्हती, आणि तिच्या लेखी ती गोष्टच नव्हती. तिला हे कळणंही शक्य नव्हतं. स्वतःचं घर आतून दिसत नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं. तिच्या बाबतीत ते बाबांनी सांगितलं.

आणि मग प्रश्न आला तो आत्याचा. निबंधात आत्या चोर ठरणार होती. बंगळूरला किंवा कुठेही वाचणाऱ्या माणसाला ती कधी भेटणार नाही, हे खरं. पण आपल्या भाचीने आपल्याविषयी काय लिहून पाठवलं हे तिला आयुष्यभर ठाऊक नसावं, आणि त्या कागदावर भाचीला प्रवेश मिळावा, हे मला पटेना. या मुद्द्यावर माझे काही तरुण सहकारी माझ्याशी वाद घालतात. ते म्हणतात, मुलीचा अनुभव मुलीचा आहे, तिला कोणाची परवानगी नको. शहरातल्या घरात कदाचित तसं असेल. इथं एका माणसाची गोष्ट सुटी करून काढता येत नाही. ओढली की चार जणांची येते. मी तिला एवढंच म्हटलं की आत्याला वाचून दाखव.

दोन दिवसांनी ती आली. आत्याने सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, “लिव. पन पानं कमी काऊन होती तेही लिव.” त्या आठवड्यात आत्याचं धाकटं पोर तापानं फणफणलेलं होतं. ते मांडीवर घेऊन तिने अंधारात पुडे बांधले. अंधारात सत्तर मोजता येत नाहीत. हाताच्या अंदाजाने बांधावं लागतं. हे तिने तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. वहीत नाव, तारीख आणि आकडा एवढे तीनच रकाने होते.

मुलीला हे सहा वर्षांनी पहिल्यांदा कळलं. त्या निबंधासाठी.

तिचा निबंध मग तिथून सुरू झाला. तिने लिहिलं की वही बरोबर होती, पुडे कमीच होते, आणि नियम मोडला असता तर ग्रामसभेचा माल बाजारात पडला असता. तेही लिहिलं, आणि वहीत चौथा रकाना नव्हता हेही. यापुढे तिला जे शिकायचं होतं ते मला समजावून सांगावं लागलं नाही. इंग्रजी साधं होतं, दोनतीन ठिकाणी अडखळतं. मी व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या आणि वाक्यं तशीच राहू दिली. ‘फळी’ला इंग्रजी शब्द शोधत ती अर्धा दिवस बसली होती, मी म्हटलं, फळीच लिही आणि फळी म्हणजे काय ते एका ओळीत सांग. वाचणाऱ्यालाही थोडे कष्ट पडू देत.

भाषेविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्या मुलांच्या तीन-तीन भाषा असतात: घरी गोंडी किंवा माडिया, गावात झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी. इंग्रजी ही चौथी. थेट चौथीत लिहायला बसलं की हाताशी येतात ती इंग्रजीतली तयार वाक्यं, जी जगभरच्या सगळ्या अर्जांत असतात. म्हणून पहिला मसुदा लिहायचाच नाही, बोलायचा. ज्या भाषेत घरी भांडण होतं त्या भाषेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, मग ते उतरवून काढायचं आणि अखेरीस इंग्रजीत न्यायचं. वेळ तिप्पट लागतो. पण बोलताना माणूस ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीवर मात करून’ असं म्हणत नाही, हा मोठाच फायदा. झाडीपट्टीतल्या नाटकांचे रात्र रात्र चालणारे संवाद पाठ म्हणणारी ही मुलं. बोलायला बसली की थांबत नाहीत. कागद दिसला की मुकी होतात.

सगळ्याच घरांत असं हसत-भांडत निभत नाही. दक्षिणेकडच्या एका तालुक्यातल्या मुलाच्या घरी मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि ओसरी एकदम गप्प झाली. नंतर तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या काकांना रात्री घरातून नेलं होतं. कोणी नेलं ते मी इथं लिहीत नाही; आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट दोन्ही बाजूंनी घडलेली आहे आणि वाचकाने आपल्याला सोयीची बाजू निवडू नये अशी माझी इच्छा आहे. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, जागा होता. त्याला हे लिहायचं होतं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की गडचिरोलीच्या मुलाने हे लिहिलं तर निवड नक्की. मला वाईट वाटतं ते याचं की तो सांगणारा कदाचित खरंही बोलत असेल.

आईने नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तिने एवढंच विचारलं, “ते वाचून ते लोक काय करतील, गुरुजी?” मी म्हणालो, निवड करतील किंवा करणार नाहीत. “मग कागद कुठं ठेवतील?” याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तिच्यासाठी तो कागद म्हणजे जबानी होती. जबानीचे कागद कुठं कुठं जातात हे तिने पाहिलेलं होतं.

मुलगा माझ्यावरही चिडला. त्याचं म्हणणं, “माझ्याकडे दुसरं काय आहे?” चार दिवस तो फिरकला नाही. मग त्याने मामाच्या गावी शिकत असताना हिवाळ्यात नाटक कंपनीच्या जनरेटरजवळ रात्री काढल्या होत्या त्याविषयी लिहिलं. वडशाहून निघालेली कंपनी, रोज नवं गाव, ऐन रंगात आलेल्या प्रवेशात दिवे गेले तर हजारभर माणसं काय करतात, आणि अंधारात नट बोलणं थांबवत नाही ते का. चांगला निबंध होता. माझ्या मते त्या वर्षी माझ्याकडे आलेल्यांत सर्वांत चांगला. त्याची निवड झाली नाही.

काकांविषयी लिहिलं असतं तर झाली असती का? हा प्रश्न त्याने मला विचारला नाही, पण आमच्या दोघांमध्ये तो अजून आहे. तो आता गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठातून एम.ए. करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या धाकट्या मुलांची ध्वनिमुद्रणं उतरवून देतो. एखाद्या मुलाने घरातल्या मरणाने सुरुवात केली की तो काही न बोलता थांबतो आणि माझ्याकडे पाहतो. मी मुलाला विचारतो, “हे घरी वाचलंस का?” बहुतेक वेळा वाचलेलं नसतं. काही वेळा घरचे खुशीने हो म्हणतात, आईच म्हणते की लिही, सगळ्यांना कळू दे. तेव्हा आम्ही लिहू देतो. नियम असा काही नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. घरच्यांना बसवून, बोलतं करून, पुन्हा वाचून दाखवून हे करायचं तर आठवडा लागतो, आणि मुलं शेवटच्या रात्री नेटकॅफेत बसून अर्ज भरतात. बऱ्याच विद्यापीठांच्या तारखा नोव्हेंबर ते जानेवारीत येतात. म्हणून मी मुलांना दिवाळीच्या सुटीत घरी जाऊन हे काम करायला सांगतो. हलकं धान निघालेलं असतं, भारी धान उभं असतं, मंडईचे दिवस सुरू होतात, बाहेर कामाला गेलेली माणसं परतलेली असतात. वर्षातून एकदाच सगळं घर ओसरीवर सापडतं ते याच वेळी.

धानोऱ्याच्या मुलीला पहिल्या विद्यापीठाने बोलावलं नाही. दुसरीकडे तोच निबंध पाठवला, तिथं मुलाखतीत दोन प्राध्यापकांनी पाऊण तास तिला तेंदूपत्त्याविषयीच विचारलं, आणि एकाने पुड्यात सत्तरच पानं का, पन्नास का नाहीत, असं विचारल्यावर ती म्हणाली, “ते मलाही माहीत नाही, बाबांना विचारून सांगते.” प्रवेश मिळाला. जाण्याआधी तिने निबंधाची एक प्रत बाबांना दिली. त्यांनी ती घडी करून वनहक्काच्या पट्ट्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.

गेल्या मे महिन्यात मी त्या गावी गेलो होतो. फळीवर दुसरीच मुलगी वही घेऊन बसली होती. मी डोकावून पाहिलं. पट्टीने आखलेले चार रकाने होते. चौथ्यावर ‘शेरा’ लिहिलं होतं आणि त्याखाली एके ठिकाणी, बारीक अक्षरात, ‘पाय भाजला आहे, उद्या आणून देतील.’